चिंचोक्यांचा लिलाव

सरांना टरबूज कापून घेतलेलं चालायचं नाही. मुकुंदवाडीच्या नाक्यावरचा हातगाडीवाला सुरी उचलून विचारायचा, "कापून दाखवू का सर?" की सर दोन्ही हात आडवे करायचे. "नको, नको. अजून ते लालही आहे आणि फिकटही आहे. तू सुरी घातलीस की एकच उरेल." हातगाडीवाला माझ्याकडं बघायचा आणि मी आभाळाकडं. मग ते टरबूज मी खांद्यावरून घरी न्यायचो, आणि कापलं की हमखास फिकट निघायचं. खाताखाता सर म्हणायचे, "मी त्याला जे सांगितलं ना, ते साफ चूक आहे. टरबुजाला स्वतःचा रंग ठाऊक असतो. इलेक्ट्रॉनला नसतो. कळला फरक?"

मला कळलेला नसायचा. मी 'हो' म्हणायचो. माझं सगळं शिक्षण अशा 'हो'वर झालेलं आहे.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात रोबोच्या खात्यात चिकटलो, तेव्हा त्यांच्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून येऊन पडलो. सर एकटेच. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "समीकरणं कमी आणि अज्ञात राशी जास्त, सुटणार कसं?" ओसरीची एक अख्खी भिंत त्यांनी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती. खिशात कायम खडू. त्यामुळं त्यांच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या खिशाला पांढरी साय धरलेली असायची.

त्यांचे जीव की प्राण विषय तीन. रोबोचा हात, लिलाव आणि क्वांटम. या तिघांचं एकमेकांशी काय गोत्र, असं मी एकदा विचारलं. सर त्या वेळी ओसरीच्या पायरीवर दात घासत होते. दात घासतानाही त्यांचा खांदा, कोपर, मनगट क्रमानं हलायचं आणि प्रत्येक सांध्याचा कोन ते मनात मांडायचे. चूळ भरून म्हणाले, "वस्तू कुठं आहे, ती कुणाला किती हवी आहे, आणि ती मुळात आहे का. माणसानं आयुष्यात आणखी विचारायचं तरी काय असतं?"

आणि त्यांचा एक पेटंट प्रश्न होता. गृहीत काय धरलंस? दूधवाला म्हणायचा, "सर, दूध एकदम घट्ट हाय." सर विचारायचे, "गृहीत काय धरलंस?" मी एकदा नवा शर्ट घालून जिना उतरलो आणि लाजत सांगितलं, "सर, मुलगी बघायला चाललोय." लगेच, "गृहीत काय धरलंस?" मी म्हणालो, "की ती हो म्हणेल." सर म्हणाले, "कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर मला मुलीच्या घरी मिळालं. परत आल्यावर सरांनी काही विचारलं नाही. टरबुजाची एक फोड पुढं सरकवली फक्त. फिकट.

आता माझी एक मोठी कर्तबगारी सांगतो, कारण पुढं तिची गरज पडणार आहे. शेवटच्या वर्षी आम्ही पोरांनी रोबोचा हात बनवला होता. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्यानं तांब्या उचलायचा आणि प्रमुख पाहुण्यांच्या पेल्यात पाणी ओतायचं, असा बेत. हाताचं गणित माझ्याकडं. कुठला सांधा कुठल्या दिशेनं फिरला म्हणजे अधिक, कुठल्या दिशेनं म्हणजे उणे, हे ठरवायला उजवा हात वापरतात. अंगठा सांध्याच्या आसासारखा वर धरायचा आणि बोटं मिटायची. बोटं जिकडं वळतील ती अधिक दिशा. पोरासोरांचं कामच ते. मी ते इमानेइतबारे केलं. उद्घाटनाच्या दिवशी हात झोकात उठला, तांब्या उचलला, पेल्याकडं पाठ फिरवली आणि पलीकडं सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर सगळा तांब्या रिकामा केला. वर दोनदा झटकलाही. शेवटचा थेंब वाया जाऊ नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

सभागृहात अशी शांतता की पाहुण्यांच्या पँटमधून ठिबकणारं पाणी ऐकू यावं. प्राचार्यांचा चेहरा माझ्याकडं वळायला लागला. एवढ्यात सर पुढं झाले, हाताकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॉडेल बरोबर आहे. पाहुणे चुकीच्या जागी बसलेत."

आधी पाहुणेच हसले, मग सगळे. नंतर सरांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"आस कुठल्या हातानं ठरवलास?"

मी आठवलं. "डाव्या."

"उजव्यात काय होतं?"

"समोसा."

"मग समोसा डाव्यात धरायचा," म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी मला वाटलं, सर विक्षिप्त आहेत, त्यांना खरंच पाहुण्यांची चूक वाटली. त्यांनी मला झाकलं होतं, हे कळायला पुढचा दुष्काळ यावा लागला.

तो आला. जायकवाडीच्या तळाच्या भेगा पेपरात रोज छापून यायला लागल्या. शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासला इमारतीवर इमारत चढत होती, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका नव्या इमारतीच्या भिंतीवर 'चोवीस तास पाणी' असं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्या इमारतीतले लोकही कळशी घेऊन आमच्याच टँकरला यायचे. नळ आधी आठवड्यानं यायचा, पुढं तर तो नुसता फुरफुरायचा. गल्लीचा जीव टँकरवर. पाइप आधी ज्यांच्या ड्रमात पडायचा त्यांचा ड्रम काठोकाठ, शेवटच्यांच्या वाट्याला तळाचा गढूळ घोट. त्यावरून भांडणं, शिव्या, एकदा तर कळशीनं एकाचं डोकं फुटलं.

तेव्हा गल्लीची बैठक झाली. अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नियमांवर जीव टाकणारे. त्यांनी मांडलं की टँकर चालू आहे तोवर कुणी गावाकडचे पाहुणे ठेवून घ्यायचे नाहीत. ज्याच्याकडं सापडतील त्याचा टँकरचा नंबर बंद. सगळ्यांनी हात वर केले. सरांनी, मी, आणि सरांच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्यांत राहणाऱ्या मावशींनीसुद्धा. मावशी गल्लीतल्या सगळ्यांच्याच मावशी. नवरा वाळूजला शिफ्टमध्ये, दोन पोरं, आणि कुणाकडं बाळंतपण असलं की मावशी न बोलावता हजर.

नंबर कसा लावायचा, हे मात्र सरांनी ठरवलं. "लिलाव करू," ते म्हणाले. लोक दचकले. "पैशाचा नाही. पाण्याचाच." आणि त्यांनी पिशवीतून चिंचोके काढले.

पद्धत अशी. टँकर आला की प्रत्येक घरातल्या एकानं मुठीत चिंचोके घेऊन यायचं. आज पहिला नंबर मिळाला, तर पुढच्या वेळच्या आपल्या वाट्यातून किती बादल्या शेवटच्या घराला सोडायला तयार आहोत, तेवढे चिंचोके. सगळ्यांनी मुठी एकदम उघडायच्या. सगळ्यात मोठी मूठ जिंकणार. पण, सर खडू नाचवत म्हणाले, तिनं सोडायच्या बादल्या मात्र दोन नंबरच्या मुठीएवढ्याच.

"ह्ये कशाला आता?" कुणीतरी विचारलं.

"अहो, यातच तर मेख आहे. तुम्ही किती सोडायच्या ते तुमच्या मुठीवर ठरतच नाही, दुसऱ्याच्या ठरतं. मग गरज आहे त्यापेक्षा मूठ लहान करून वाचणार काय? आणि मोठी करून मिळणार काय? इथं खोटं बोलून फायदाच नाही. माणूस आपोआप खरं बोलतो." सरांचे डोळे चमकत होते. आयुष्यभर भिंतीवर लिहिलेलं गणित पहिल्यांदाच चपला घालून गल्लीत उतरत होतं.

टँकरवाल्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. "प्रोफेसर साब, ये गोट्यां का खेल जल्दी खतम करो ना. मेरेकू और फेऱ्या मारना है."

आणि गंमत म्हणजे ते चाललं. भांडणं थांबली. ज्याच्याकडं आजारी माणूस त्याची मूठ मोठी, ज्याच्याकडं टाकी त्याची लहान. सर रोज संध्याकाळी काळ्या भिंतीवर मुठींचे आलेख काढायचे आणि मला बोलावून दाखवायचे. मी 'हो' म्हणायचो.

एका खेपेला मुठी उघडल्या आणि मावशींच्या तळहातावर आठ चिंचोके निघाले. बाकी कुणाचे तीनच्या वर नव्हते. सर हरखले. त्यांना माणूस दिसलाच नाही, आकडा दिसला. भर गल्लीत मावशींचा हात मनगटाला धरून त्यांनी वर केला. "हे बघा! याला म्हणतात खरी बोली! घरात चार माणसं आणि आठ! सांगा मावशी, सगळ्यांना कळू द्या, एवढी गरज कशानं वाढली?"

सगळे बघायला लागले. मीही हसत हसत बघत होतो, सरांचा शिष्य ना मी. मावशींनी हात हळूच सोडवून घेतला. "धुणं साचलं व्हतं सर," म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढला.

त्यानंतर मावशींच्या मुठीत कायम एकच चिंचोका. सरांच्या आलेखात ती रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली आली. सर तिच्यासमोर तासन्‌तास उभे. "एका आठवड्यात माणसाची तहान आठावरून एकावर कशी येते रे?" मी म्हणालो, "धुणं संपलं असेल." या अक्कलहुशारीवर मला वाळूजला पगार मिळत होता.

पुढचं मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो, नाहीतर माझं गाढवपण नीट दिसणार नाही.

सर पहाटे मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत फिरायला जायचे. तिथल्या नळावर त्यांना डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा दिसला. दोन कॅन भरून तो गल्लीच्या दिशेनं दम खात चालला होता. सरांनी एक कॅन हातात घेतला. बोलता बोलता विचारलं, "कुठं उतरलात आबा?"

"लेकीकडं. सून हाय, दोन नातवंडं हायेत. ल्योक ऱ्हायला जनावरांपाशी छावणीवर. पर कुणाला बोलू नका बरं का. तितं पाव्हणं ठिवत न्हाईत. पोरास्नी सांगितलंय, हसायचं झालं तर तोंडावर उशी धरून हसा."

"मग टँकरचं पाणी?"

"घेत व्हती की लेक. पर हाय म्हणं एक मास्तर, लई शिकलेला. त्यानं तिची मूठ उघडी केली चारचौघांत. तवापासून ती मागायलाच लाजती. म्हून म्या येतो हिकडं."

सरांनी कॅन गल्लीच्या तोंडाशी, त्या 'चोवीस तास पाणी'च्या खाली ठेवला. पुढं गेले नाहीत. म्हाताऱ्याला वाटलं, दमले असतील.

मला एवढंच दिसलं की त्या दिवशी सरांनी दूधवाल्याला काही विचारलं नाही आणि भिंत ओल्या फडक्यानं पुसून काढली. मी विचारलं, "सर, आलेख?" ते म्हणाले, "नको."

मग टँकर आला. मुठी उघडल्या. सरांच्या मुठीतून चिंचोके खाली सांडले. बारा.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सर, तुम्ही तर एकटे. बारा?"

"पाहुणे आलेत माझ्याकडं," सर म्हणाले.

मावशी आपल्या दाराच्या पायरीवर एका चिंचोक्याची मूठ धरून उभ्या होत्या, त्या जागच्या जागी गोठल्या. अध्यक्षांना घाम फुटला. समोर सर, आणि हातात नियम. "म्हणजे... नियम आहे हो सर. गल्लीनंच हात वर करून केलेला."

"माझाही हात होता त्यात."

"मग नंबर... बंद करावा लागंल."

आणि इथं मी पुढं सरसावलो. सरांना वाचवायला! माझे गुरू, माझे घरमालक, त्यांचा नंबर जातोय आणि मी गप्प बसू? छाती काढून मोठ्यानं म्हणालो, "काहीतरीच काय! सरांकडं कुणी पाहुणेबिहुणे नाहीत. मी वरच राहतो ना. आठवडाभरात दारात चिटपाखरू फिरकलेलं नाही. सरांची आपली गंमत चाललीय!"

आधी दोघंतिघं हसले. मग ते हसू आंबलं. मागून एकजण म्हणाला, "वा सर! आमाला खरं बोलायला लावता, अन् तुमीच पयला नंबर लाटायला पाव्हणं दाखवता व्हय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ओल्या पँटच्या त्या दिवशी रोबोच्या हाताकडं पाहिलं होतं, अगदी तसं पाहिलं. म्हणजे हे यंत्र असं का वागलं ते त्यांना पुरतं समजलेलं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मॉडेल बरोबर आहे रे. पाहुणे चुकीच्या जागी बसलेत."

आणि ते चालत मावशींच्या दारापर्यंत गेले. मावशींकडं बघितलं नाही. आतल्या पडद्याकडं तोंड करून, घरच्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाले, "आबा, किती वेळ इथं बसणार? तिकडं चहा निवला की."

कुणी बाहेर येईना. टँकरचं इंजिन तेवढं गुरगुरत होतं. मग पडदा हलला आणि म्हातारा पटका सावरत उंबऱ्यावर आला. त्यानं सरांना ओळखलं. पहाटेचा कॅन उचलणारा माणूस, आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला लागलेला खडू. तो खडूकडं बघत राहिला. लई शिकलेला मास्तर कोण, ते त्याला आत्ता, तिथं, सगळ्यांसमोर कळत होतं. सरांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत त्यांना मान खाली घालताना मी पाहिलं नव्हतं. म्हातारा आता काय म्हणेल, त्यावर मावशींचा नंबर होता आणि सरांची अब्रू होती. दोन्ही माझ्या कृपेनं चव्हाट्यावर.

"व्हय की सर," म्हातारा म्हणाला. "पत्ता चुकला बगा. तुमच्या शहरात समदी घरं येकसारकीच. कुटं शिरावं ते कळंना."

"तुमचा काय दोष आबा," सर म्हणाले. "आम्हीच कुणी दारावर नीट लिहीत नाही."

म्हाताऱ्यामागून सून आली, अंथरुणाची वळकटी घेऊन. दोन पोरं आली, उजेडाला डोळे मिचकावत. मावशी म्हणाल्या, "म्या म्हणतच व्हते, सरांचे पाव्हणे आमच्याकडं कसे..." आणि पुढचं पदरात गेलं.

ती वरात गल्लीतून सरांच्या दारापर्यंत गेली. सर अध्यक्षांसमोर थांबले. "आता सापडले पाहुणे. करा माझा नंबर बंद."

अध्यक्ष स्वतःच्या मुठीकडं बघत राहिले. टँकरवाला ओरडला, "अरे साब, पाइप किधर डालू? टैम नै मेरेकू!" अध्यक्षांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "सरांच्या ड्रमात टाका आधी." अध्यक्षांनी त्यांच्याकडं चमकून पाहिलं, त्यांनी अध्यक्षांकडं नुसतंच पाहिलं. पाइप सरांच्या ड्रमात पडला. पुढच्या टँकरला अध्यक्षांच्या मुठीत नऊ चिंचोके निघाले, आणि त्यांच्या खिडकीत बऱ्याच दिवसांनी कुणाचीतरी नऊवारी वाळत पडली. कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी मी मात्र थेट वर पळालो आणि दार लावून बसलो. खालून भांड्यांचे, पोरांचे आवाज यायला लागले. उशी न धरता हसण्याचे. कडूसं पडताना, दिवे लागायच्या वेळी, शेवटी जिना उतरलो. सर ओसरीच्या पायरीवर बसले होते. पोरांनी खडू लांबवून काळ्या भिंतीवर बैल काढला होता.

"सर, चुकलं माझं."

"गृहीत काय धरलं होतंस?"

"की तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

सर त्या बैलाकडं बघत म्हणाले, "ते गृहीत तसंच राहू दे. बोललेलं खरं करून ठेवायचं काम माझ्याकडं." मग म्हणाले, "मी काय धरलं होतं सांगू? सगळं धरलं होतं रे. टाक्या, माणसं, आजारपण. आणि मूठ उघडायला काहीच लागत नाही, असं धरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझ्या आईनं मला पाळण्यात सांगितलं असेल. मला ती म्हण वाटली. मला ती किंमत वाटली नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. नेहमीचं 'हो' तोंडाशी आलं आणि पहिल्यांदाच मला खरोखर कळलेलं असताना ते बाहेर पडेना.

सरांनी शेजारची ताटली माझ्याकडं सरकवली. पाहुण्यांसाठी नाक्यावरून आणलेल्यातला शेवटचा समोसा होता.

"घे," ते म्हणाले. "डाव्या हातात धर."

मी डाव्या हातात धरला. उजवा मोकळा राहिला. त्याची बोटं आपोआप मिटली. ती मूठ मी तशीच खिशात घातली.